सही जुळत नाही

परवा दुपारी जेवणं झाल्यावर एका वाढत्या कंपनीचे दहा शेअर घेतले आणि बायकोला जाहीर केलं, "हे आता दहा वर्षं विकायचे नाहीत." ती ओटा पुसत होती. म्हणाली, "बरं." पुढच्या पंधरा मिनिटांत मी चार वेळा भाव बघितला. नऊ रुपयांनी उतरला होता.

बाबांचं असं नव्हतं. म्हणजे ते काही फार धीराचे नव्हते. चहाला उकळी यायला उशीर झाला तरी चिडायचे. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत एक लोखंडी ट्रंक होती. तिच्या तळाशी, स्वेटरांखाली, डांबरगोळ्यांचा वास लागलेली शेअर सर्टिफिकेटं. एका पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं तेव्हा बाबांनी ती विकायला काढली. शेअर दुसऱ्याच्या नावावर करायच्या कागदावर, म्हणजे ट्रान्सफर डीडवर, सही करून पाठवली. महिन्याभराने पाकीट परत: सही जुळत नाही. मग रविवारी सकाळी बाबा पेपरच्या कडेच्या कोऱ्या पट्टीवर स्वतःचीच सही गिरवत बसले. तरुणपणी आडनावातल्या 'कर'ला मारलेला तो झोकदार फराटा काही केल्या जमेना. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. शेवटी वैतागून सगळं ट्रंकेत कोंबलं आणि छपरासाठी पतपेढीचं कर्ज काढलं.

शेअरना बोनस, म्हणजे फुकटचे जादा शेअर, लागत गेले. डिमॅट, म्हणजे कागदाऐवजी खात्यात शेअर ठेवायची सोय, आल्यावर बँकेतून सही साक्षांकित करून ते एकदाचे विकले, त्यात माझ्या इंजिनिअरिंगची फी निघाली. नातेवाइकांत बाबा दूरदृष्टीचे ठरले. त्यांनीही कधी खुलासा केला नाही.

तसं पुण्यात साठीपुढच्या प्रत्येकाकडे इन्फोसिसची एक गोष्ट असतेच. कंपनी 1981 साली इथेच सुरू झाली. 1993 मध्ये 95 रुपयांना शेअर पहिल्यांदा विक्रीला आला तेव्हा सगळे खपलेही नव्हते. सगळे 'घेणार होतो'वाले. घेऊन आजवर ठेवलेला मला अजून भेटायचाय. भेटलाच तर आधी त्याची सही बघेन.

आता विकलं की दुसऱ्या दिवशी पैसे मोकळे. सहीच्या जागी अंगठा, आणि अंगठा मेला नेहमी जुळतो.

तीन वाजता फोन तांदळाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. साडेतीनला बाजार बंद झाला, तेव्हा काढला. नाहीतरी चहाची वेळ झालीच होती.