ब्लेड बदललं एकदाचं

आज दिवसभर पोर्टेबल बँडसॉवर (पट्टीसारखं दातेरी ब्लेड गोल फिरवणारी, हातात धरायची करवत) लोखंडी पाइप कापले. एरवी स्वतःच्या वजनाने खाली उतरणारं मशीन दुपारनंतर दाबावं लागायला लागलं, आणि काप सरळ जायचं सोडून एका बाजूला सरकू लागला. ब्लेड बोथट झालंय हे एवढ्यावरूनच कळतं खरं तर. तरी शंका असेल तर खाली पडलेला चुरा बघा: धारदार दात कुरळ्या चिप काढतात, बोथट दात नुसती पूड. एखादा दात उडाला असेल, तर शेजारचेही फार टिकत नाहीत.

पातळ पाइपला बारीक दातांचंच ब्लेड हवं; एका वेळी निदान ३ दात धातूवर टेकायला हवेत.

हेल्पर म्हणाला, "दादा, अजून चार पाइप निघतील की!" निघाले असते, पण तिरके. नवं ब्लेड चढवलं, सुरुवातीचे काप हलक्या हाताने घेतले.