जिन्यातली पिवळी रेघ

फुटबॉलच्या मैदानावर प्रेक्षकांना उभं राहू द्यावं की नाही, हा वाद मी इंग्लंडात आले तेव्हा ऐन रंगात होता. कायद्यापुरता तो आता बराचसा निकालात निघालाय. पण शनिवारी पिवळं जॅकेट चढवून, कानात रेडिओची वायर खुपसून जी माणसं स्टँडमध्ये उभी असतात, त्यांच्यात तो अजून मिटलेला नाही. मी त्यातलीच एक. आठवडाभर एका मालवाहतूक कंपनीत हिशेब बघते आणि घरच्या मैदानावर मॅच असली की चॅम्पियनशिपमधल्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीतल्या, एका क्लबची स्टुअर्ड असते. क्लबचं नाव मुद्दाम घेत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात त्याची थोडी शोभा होते.

हे काम विचित्र आहे. मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं. मॅच बघायची नाही, बघणाऱ्यांना बघायचं. गोल झाला हे मला समोरच्या दोन हजार चेहऱ्यांवरून कळतं. मी कोल्हापूरची, तीही शिवाजी पेठेतली, त्यामुळे पहिलं वर्षभर मान वळू न देण्यातच माझी निम्मी ताकद गेली. आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजीची मॅच असली की काँक्रीटच्या पायऱ्यांवर पेपर टाकून बसायचं, बॉल डीजवळ आला की सगळी पायरी उठायची, आणि मागून कुणीतरी ओरडायचं, "ए, खाली बसा की ओ!" कुणी बसायचं नाही. उभं राहावं की बसावं हा तिथे प्रश्नच नव्हता. बॉल कुठे आहे त्यावर ठरायचं.

इथे मात्र त्या प्रश्नामागे चेंगरून मेलेली 97 माणसं आहेत. 15 एप्रिल 1989, शेफील्डचं हिल्सबरो मैदान, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टची सेमीफायनल. ट्रेनिंगमध्ये हे आम्हाला सविस्तर शिकवतात, आणि शिकवायलाच हवं. लेपिंग्स लेनच्या बाजूला टर्नस्टाइलबाहेर, म्हणजे एकेकाला आत सोडणाऱ्या फिरत्या फाटकांबाहेर, गर्दी तुंबली, म्हणून पोलिसांनी मोठं फाटक उघडलं. आत शिरलेल्या लोकांच्या समोर एक बोगदा होता. तो उतरत थेट मधल्या दोन कोंडाळ्यांत, म्हणजे जाळीने बंदिस्त केलेल्या उभं राहायच्या जागांत, जायचा, आणि ती आधीच खच्चून भरलेली होती. बाजूच्या कोंडाळ्यांत जागा होती. तिकडे वळा, असं सांगायला बोगद्याच्या तोंडाशी कुणीच उभं नव्हतं. मॅच वेळेवर सुरू केली आणि सहा मिनिटांनी थांबवली. दोष दारू प्यायलेल्या प्रेक्षकांचा, ही कहाणी पुढे कित्येक वर्षं चालली; ती खोटी असल्याचं ज्यूरीने 2016 साली सांगितलं.

या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी 1990 मध्ये आला. उभं राहणं हे मुळातच धोक्याचं असतं असं काही त्यांनी म्हटलं नव्हतं. पण खुर्च्या बसवल्या की माणसं मोजता येतात, ढकलाढकली कमी होते, म्हणून मोठ्या मैदानांवर सगळीकडे खुर्च्या करा, असं त्यांनी सुचवलं. 1994 पर्यंत वरच्या दोन श्रेणींमध्ये तसं झालंही.

खुर्च्या आल्या. माणसं बसली का? नाही. पाहुण्या संघाचे समर्थक तर नव्वद मिनिटं खुर्चीपुढेच उभे. पुढच्या खुर्चीची पाठ तुमच्या नडगीशी येते. गोल झाला, मागून रेटा आला, की तिला अडखळून माणूस पुढच्या रांगेत तोंडावर. मी नवी असताना एकाची नडगी प्लास्टिकच्या कडेवर अशी फाटलेली पाहिली की आत पांढरं दिसत होतं. फर्स्ट एडवाले पट्टी बांधत होते आणि हा पठ्ठ्या अजून गाणं म्हणत होता. आमचं काम काय, तर दर पाच मिनिटांनी "प्लीज, बसून घ्या" म्हणायचं. कुणी बसणार नाही हे त्यांना ठाऊक आणि आम्हालाही.

मग रेल सीटिंग आलं. जर्मनीत हे आधीपासून होतं. ग्लासगोच्या सेल्टिकने 2016 मध्ये बसवलं. इंग्लंड आणि वेल्समधल्या पाच क्लबांना जानेवारी 2022 पासून परवानगी देऊन बघितलं, आणि पुढच्या हंगामापासून नियम पाळणाऱ्या कुठल्याही क्लबला रस्ता मोकळा झाला. दिसायला साधं असतं: प्रत्येक रांगेपुढे कमरेच्या उंचीचा लोखंडी कठडा, आणि त्याच सांगाड्यात घडी होणारी खुर्ची. हवं तर बसा, हवं तर उभे राहा. अट एकच, पण सगळं तिच्यावर तोललेलं: एका खुर्चीला एकच माणूस. जुन्या पायऱ्यांवर चौरस मीटरमागे पाचएक माणसांचा हिशेब असायचा. तो इथे चालत नाही.

आमच्या क्लबने पाहुण्यांच्या स्टँडमध्ये फक्त मधल्या ब्लॉकला कठडे बसवले. डावीकडचा आणि उजवीकडचा ब्लॉक जुन्या खुर्च्यांचा. पैसे वाचवले असावेत. गोलपोस्टच्या बरोबर मागे, उभं राहायला अधिकृत परवानगी आणि सोबत सगळी गाणारी मंडळी, म्हटल्यावर तिकीट कुठलंही असो, प्रत्येकाला मधेच यायचं होतं. हे अंदाजपत्रक करताना कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे.

त्या शनिवारी साडेबाराची मॅच होती. टीव्हीवर दाखवणार म्हणून लवकर. शेजारच्या परगण्यातला संघ, जुनं वैर. सकाळी मोटरवेवर अपघात झाला आणि त्यांच्या दहा-बारा बसगाड्या अडकून पडल्या. ट्रेनने आलेले वेळेत पोचले, आरामात आत आले आणि मधल्या ब्लॉकमध्ये भरले. त्यांच्यातल्या पुष्कळांची तिकिटं बाजूच्या ब्लॉकची होती. तपासायला मी एकटी, मधल्या व्हॉमच्या तोंडाशी. स्टँडच्या पोटातून वर बसायच्या जागेत येणारा जो बोगदा असतो, त्याला इथे सगळे व्हॉम म्हणतात. एकटीने चार-चार जणांच्या टोळक्यांची तिकिटं बघायची म्हणजे पहिला फोन पुढे करतो, दुसरा "तो माझ्याबरोबर आहे" म्हणतो, तिसरा गाणं म्हणत निघून गेलेला असतो.

बारा वाजून दहा मिनिटांनी बसगाड्या आल्या.

या कामात मला एका जुन्या सुपरवायझरने एक गोष्ट शिकवलेली आहे. माणसं मोजत बसू नकोस, मोजता येत नाहीत. जिन्याकडे बघ. रांगांमधून वर जाणाऱ्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा रंग दिलेला असतो. व्हॉमपाशी उभं राहून तो खालपासून वरपर्यंत दिसायला हवा. मी वर बघितलं तर पहिल्या तीन पायऱ्या पिवळ्या, पुढे नुसते बूट. चौथ्या रांगेत पाच खुर्च्यांपुढे सात जण कठड्याला टेकले होते. सहावीत एकाने खुर्ची उघडली होती आणि तिच्यावर चढून उभा होता, कारण खाली पाय ठेवायला जागाच नव्हती.

मी रेडिओवर सांगितलं, मधला जिना भरलाय, पिवळं दिसत नाही. कंट्रोल रूममधून उत्तर आलं, "आकडे ठीक आहेत. स्टँडमध्ये अजून सातशे जागा आहेत."

आकडे ठीकच होते. टर्नस्टाइलवरचं यंत्र संपूर्ण स्टँडची माणसं मोजतं. कोण कुठल्या ब्लॉकमध्ये गेलं हे त्याला कळत नाही. हिल्सबरोलाही टर्नस्टाइलवरून एकूण किती आत गेले ते कळत होतं, मधल्या कोंडाळ्यांत किती ते कळत नव्हतं. लोक आपापली जागा आपण शोधतील, असं तेव्हा धरून चालले होते.

मी पुन्हा सांगितलं, "सातशे जागा दोन्ही बाजूंना आहेत. माणसं मधे आहेत. कॅमेरा फिरवून बघा." आणि वाट न बघता बोगद्याच्या तोंडाला आडवी उभी राहिले. माझ्याबरोबर खाण्याच्या स्टॉलजवळचा एक कोवळा मुलगा होता, कॉलेजात शिकणारा, त्याला हाक मारून दुसऱ्या बाजूला उभा केला.

खालून बसवाले येत होते. तीन तास गाडीत कोंडलेले, वरून राष्ट्रगीताइतक्या जोशात गाणी ऐकू येतायत, किकऑफला दहा मिनिटं. पहिला आला तो साठीचा गृहस्थ, सोबत पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. त्याने तिकीट दाखवलं. मधला ब्लॉक, आठवी रांग. अगदी बरोबर तिकीट. त्याच्या जागेवर दुसराच कुणीतरी उभा होता आणि मी त्याला डावीकडे जा म्हणत होते.

"पोरी, मी या जागेचे पैसे भरलेत," तो म्हणाला.

"माहिती आहे. पण वर पाय ठेवायला जागा नाही. डावीकडे आहे, मैदान तिथूनही दिसतं."

"मग ज्यांनी माझी जागा घेतली त्यांना काढ."

बोलला ते शंभर टक्के खरं. पण गच्च भरलेल्या जिन्यावरून पंचवीस-तीस जणांना शोधून खाली आणायचं, तेही खालून लोक वर चढत असताना, म्हणजे दोन्ही दिशांचे लोंढे त्या एका बोगद्यात एकमेकांवर घालायचे. मी नाही म्हटलं. त्याने मला दोन शिव्या दिल्या, मुलगी शरमली, आणि दोघं डावीकडे गेले. त्यांच्या मागचे मात्र हलेनात. "किकऑफ चुकणार" हे एकच सगळ्यांच्या तोंडी. माझ्या पाठीला भिंत लागली.

तेवढ्यात रेडिओवर सेफ्टी ऑफिसरचा आवाज आला. हा माणूस कधी आवाज चढवत नाही. मधला व्हॉम बंद, सगळे डावीकडे-उजवीकडे, आणि किकऑफ पंधरा मिनिटं पुढे. मागून कुणीतरी टीव्हीवाल्यांबद्दल काहीतरी विचारलं. "थांबतील," एवढंच तो म्हणाला. पोलीस कमांडर आणि रेफ्रीशी तो आधीच बोलला होता.

मिनिटभरात लाउडस्पीकरवर घोषणा झाली, आतही आणि टर्नस्टाइलबाहेरही. तिचा परिणाम मी हातभर अंतरावरून पाहिला. माझ्या अंगावर आलेल्या माणसाचे खांदे खाली आले. त्याने मागे वळून बघितलं, "चला, बीअर मिळेल तेवढ्यात," म्हणाला आणि बाजूला झाला. दोनशे माणसं मी अडवून अडत नव्हती. पंधरा मिनिटं मिळाल्यावर आपणहून अडली. मग सुपरवायझर चार जण घेऊन आला, त्यांनी जिन्याच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली, मागच्या दाराने लोकांना शेजारच्या ब्लॉकमध्ये काढलं. बारा चाळीसला मला शेवटच्या पायरीचा पिवळा रंग दिसला.

पाहुण्यांनी विसाव्या मिनिटाच्या आसपास गोल केला. समोर सगळा ब्लॉक एकदम पुढे झेपावला. पूर्वी असता तर तीन रांगा एकमेकांवर पडल्या असत्या. आता प्रत्येक रांग आपापल्या कठड्यावर आदळली आणि तिथेच थांबली. कठडे धरून माणसं उड्या मारत होती, अनोळखी माणसाच्या गळ्यात पडत होती; एकही खाली गेला नाही. लोखंड आपलं काम चोख करतं. पण कठडा रांगेपुढे असतो, जिन्यावर नाही. उतरत्या पायऱ्यांवर पन्नास-साठ माणसं उभी असताना तो गोल झाला असता तर? मी खाली, तोंडाशी उभी होते. तो विचार मी दुसऱ्या हाफमध्ये केला, पहिल्यात वेळ नव्हता.

मॅचनंतरच्या मीटिंगमध्ये दोन तट पडले. मला ते जिन्याचे धडे शिकवणारे सुपरवायझर जुन्या पायऱ्यांच्या काळात तरुण होते. त्यांना हे कठडे मुळीच मान्य नाहीत. "आज मोजताय, कारण नवीन आहे," ते म्हणाले. "दहा वर्षांनी खर्च कमी करायचा म्हणून व्हॉमवरची माणसं काढतील. मग एका खुर्चीला दीड माणूस होईल, आणि कुणाला ते चुकीचंही वाटणार नाही."

मी त्यांच्या विरुद्ध बोलले. उभे राहणारे उभेच राहणार, तर त्यांना धरायला काहीतरी द्या, असं माझं मत आहे, आणि त्या गोलनंतर ते आणखी पक्कं झालं. शिवाय दुसरी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. आमच्या यजमानांच्या स्टँडमध्ये खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा येतात. गाणारी टोळी कठड्यांच्या ब्लॉकमध्ये गेल्यापासून त्यांच्या पुढच्या रांगा बसायला लागल्या. कित्येक वर्षांनी त्यांना बसून अख्खी मॅच दिसते. उभ्यांना वेगळी जागा मिळाली म्हणून बसणाऱ्यांची सोय झाली. पण सुपरवायझरांचा खर्चाचा मुद्दा मला खोडता आला नाही. तो हिशेब मी आठवडाभर दुसऱ्याच धंद्यात बघते. कशावर पहिली कात्री लागते ते मला चांगलं ठाऊक आहे.

साठीच्या गृहस्थाने लेखी तक्रार केली. योग्यच केलं. त्याला पैसे परत मिळाल्याचं कळलं.

मी मीटिंगमध्ये दोन गोष्टी मागितल्या: मधल्या ब्लॉकची तिकिटं वेगळ्या रंगाची, म्हणजे फोनवर लांबूनही ओळखू येतील, आणि त्या व्हॉमवर कायम दोन स्टुअर्ड. रंग पुढच्याच मॅचला आला, त्याला खर्च नव्हता. दुसरा स्टुअर्ड मोठ्या मॅचला मिळतो. मंगळवारच्या रात्री, पाहुणे जेमतेम चारशे असतात तेव्हा, मी एकटीच असते, आणि ते चारशेच्या चारशे मधेच येतात.