सहा तासांच्या वाटेला दोन दिवस?

"सहा तासांचा रस्ता, तुम्हाला दोन दिवस लागतातच कसे?" आमची सहल झाली की कुणी ना कुणी हे विचारतंच. गाडी बिघडली होती का, अशी काळजीही सोबत असते. नाही हो, गाडी ठणठणीत असते. आम्हीच थांबतो.

थांबतो ते देखाव्यासाठी, असं सगळ्यांना वाटतं. खरं तर हवेसाठी. घाटाचा रस्ता तासाभरात ऋतू बदलतो. 1000 मीटर वर चढलात की हवा साधारण 6 ते 7 अंशांनी गार होते. वाऱ्यासोबत आलेली दमट हवा डोंगराला अडते, वर चढते, गार होते आणि तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. पाऊस बहुतेक अलीकडच्या बाजूलाच पडून जातो. म्हणून माथा ओलांडला की कधीकधी रस्ता चक्क कोरडा आणि ऊन! काचा वर आणि एसी चालू ठेवून गेलात, तर आत आपले सगळीकडे 24 अंश.

थांबायला मला शिकवलं धुक्यानं. एका वळणावर पुढचा रस्ताच नाहीसा झाला. घाबरून मी हेडलाइट अप्परवर टाकले, तर समोर पांढरी भिंत. धुक्याचे बारीक थेंब सगळा उजेड उलट आपल्याच डोळ्यांत मारतात. डिप्परवर आणल्यावर निदान कडेची रेघ दिसली. ती धरून सरकत राहिले आणि जागा मिळाली तिथे गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेतली. चाळीस मिनिटं बसलो. काच खाली केली तर ढगच आत आला. हातावरची लव ओली. मग एक झाड दिसायला लागलं, त्याच्यामागे दुसरं, आणि एकदम खाली अख्खी दरी, तळाशी नदीचं वळण. दहा मिनिटांत पुन्हा सगळं पुसलं.

पहिल्या सरीलाही आम्ही थांबतो. रस्त्यावरची धूळ आणि तेल अजून वाहून गेलेलं नसतं, तेव्हाच तो सगळ्यांत निसरडा असतो. विजा असतील तर काचा लावून आत बसायचं, झाडापासून लांब. लखलखलं की सेकंद मोजायचे, आवाज आला की तिनानं भागायचं. तितके किलोमीटर लांब वीज पडली. मुलं हा हिशेब भांडून करतात.

पाटी लावलेल्या व्ह्यू पॉइंटवर मात्र फारसं थांबत नाही. तिथे दरीपेक्षा पाठीच जास्त दिसतात.

गेल्या खेपेला परतताना वेळेत पोहोचायचं होतं. साडेपाच तासांत घरी. वाटेत काय पाहिलंत म्हणाल, तर वायपर.