'श्यामची आई' अजून कपाटात कशी?

घरी येणारं कुणी ना कुणी पुस्तकांच्या कपाटापाशी थबकतं आणि विचारतं, "तुम्ही तर स्त्रीवादी, मग 'श्यामची आई' अजून इथे कशी?" विचारण्यात थोडी गंमत असते, थोडा टोमणा.

ठेवलंय, कारण माझं त्या पुस्तकाशी भांडण संपलेलं नाही. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातली अळणी भाजी आठवा. आई मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता जेवून उठतात, मागाहून ती पानावर बसते तेव्हा तिला कळतं. लहानपणी मला वडिलांच्या संयमाचं केवढं कौतुक! आता वाटतं, बाई सगळ्यांबरोबर जेवायला बसली असती तर हा प्रसंग घडलाच नसता. पण ती शेवटी जेवते, यात श्यामला वावगं काही दिसतच नाही. गोष्ट लेक सांगतोय ना.

तरी मला जास्त छळते ती त्याच पुस्तकातली मोळीवाली महार म्हातारी. मोळी खाली पडलीय, हात लावायला कुणी तयार नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी तिच्या डोक्यावर चढव आणि घरी येऊन आंघोळ कर. दया खरी, आंघोळही खरी. त्या काळी त्या घरात तेवढंही सोपं नव्हतं, मान्य. पण म्हातारी जी जाते ती पुस्तकातूनच जाते. ती कुणाची आई होती का, हे कुणी विचारत नाही.

मला ती पुन्हा भेटली 'आयदान'मध्ये, २००३ साली. दलित लेखिका उर्मिला पवारांचं हे आत्मकथन सुरूच होतं ते डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायकांपासून. श्यामचं पालगडही त्याच जिल्ह्यातलं. फक्त आता सांगणारी त्या बायकांचीच लेक आहे. तिची आई नवऱ्यामागे बांबूची सुपं-टोपल्या, म्हणजे आयदानं, विणून घर चालवते. तिला देव्हाऱ्यात बसवायला लेकीला सवडही नाही आणि हौसही नाही. मला ती आई जास्त ओळखीची वाटते.

तेव्हा 'श्यामची आई' न्यायची असेल तर खुशाल न्या, पण 'आयदान'ही बरोबर न्यावं लागेल. एकटं देत नाही. आणि परत आणा. मागची प्रत अशीच गेली.