झाकणाखालचं

फ्रान्समधल्या लिओं शहरात ज्या आजींच्या घरी मी भाड्याने राहत होते, त्यांच्या स्वयंपाकघराचा नियम एकच: झाकण उचलायचं नाही. बिडाचं जड पातेलं, आत गोमांस, लाल वाइन, गाजरं, छोटे कांदे. अकराला चढवलं की दोन वाजेपर्यंत तिकडे बघायचंसुद्धा नाही. पहिल्याच रविवारी मला राहवलं नाही, तर मनगटावर लाकडी डाव बसला. "लेसे मिजोते!"

शिजू दे, एवढाच त्याचा अर्थ मी तेव्हा घेतला. पण मिजोते म्हणजे नुसतं शिजवणं नव्हे. पाणी खळखळलं की आजींच्या लेखी पदार्थ हातचा गेला. वरचा थर फक्त थरथरायला हवा, मधूनच एखादा बुडबुडा. त्या थरथरीला त्या 'फ्रेमिर' म्हणत. थंडीने किंवा भीतीने अंगावर शहारा येतो, तोही फ्रेमिरच. अशा आचेवर मांसातलं चिवट कोलॅजन हळूहळू जिलेटिन होतं, रस्सा अंगासरशी येतो. घाई केली की मांस आक्रसतं आणि दाताला दोर लागतो.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी टेबलाशी काहीतरी लिहीत होते. त्या आल्या तसा कागद पुस्तकाखाली सरकवला.

"केस क त्यू मिजोत?"

मी निरागसपणे सांगितलं, "काही नाही, गॅस बंद आहे." त्या खुर्चीला धरून हसल्या. काय कारस्थान चाललंय, असं विचारत होत्या बाई! मला मात्र त्यातला 'त्यू' जास्त लागला. तोवर 'व्हू' होतं. अहो-जाहोवरून एकदम अगं.

आपल्याकडेही काहीतरी शिजतंय असा वास लोकांना येतो, पाणी कुठेतरी मुरत असतं, डाळ कुणाची तरी शिजत नसते. पण आपण बहुधा कर्ता गाळतो. शिजतंय, कोण शिजवतंय ते ज्याने त्याने ओळखावं. फ्रेंच क्रियापद थेट बोट दाखवतं: तू. आणि गंमत म्हणजे त्या बोटाला मायाही चिकटलेली असते, कारण नातवासाठी तासन्‌तास खपून केलेला पदार्थही मिजोतेच. माणसालाही मिजोते करता येतं. मुलाशी खटका उडाला की आजी दोन दिवस त्याचा फोन घ्यायच्या नाहीत. राहू दे त्याला, स्वतःच्याच रसात.

शब्दकोशात या क्रियापदाचं मूळ सापडलं आणि मी थबकलेच. 'मिजो' म्हणजे फळं पिकायला ठेवायची जागा. अहो, ही तर अढी! आमच्या कोकणातल्या घरी माळ्यावर गवतात आंबे लावलेले असत. माझी आजी अंधारात नुसत्या वासावरून सांगायची, अजून दोन दिवस. हात लावला तर ओरडा. आपल्या मराठीने तो शब्द मनातही नेला, पण तिथे अढी बसली की आंबटच. गोड व्हायला ठेवलेल्या गोष्टीचं आपण असं का केलं, कोण जाणे.

तो लपवलेला कागद म्हणजे आमटीची कृती होती. आजींचा वाढदिवस जवळ आला होता आणि माझ्याकडे आईने बांधून दिलेला गोडा मसाला. त्या बाहेर गेल्या तशी मी त्यांच्या जुन्या कुकरमध्ये डाळ लावली. कुकरचा मूळपुरुष दनी पापँ हा फ्रेंचच. १६७९ मध्ये त्याने वाफ कोंडून हाडं मऊ करणारं भांडं बनवलं. त्याने आजींच्या पातेल्याकडे पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता, आणि आजींनी त्याला स्वयंपाकघरात उभं केलं नसतं.

कुकर फुसफुसायला लागला, जिन्यापर्यंत ऐकू जाईल इतका. तेवढ्यात किल्ली वाजली. आजींनी कोटही न काढता आत डोकावलं, कुकर पाहिला, मसाल्याचा डबा पाहिला, माझा चेहरा पाहिला.

"तुला मिजोते जमत नाही," म्हणाल्या आणि झाकणाकडे हात नेला.


"झाकण उचलायचं नाही!" मी ओरडले.