कुलाबा किल्ला, अलिबाग: चतुर्थीची ओहोटी गाठून चालत जाऊन आलो

अलिबागचा कुलाबा किल्ला म्हणजे समुद्रातलं एक बुटकं खडकाळ बेट, भरतीला चारही बाजूंनी पाणी आणि ओहोटीला बीचवरून सरळ चालत जायचं. दोन वर्षांपूर्वी आम्ही वेळ न बघता गेलो होतो, आत फोटो काढत बसलो आणि परत यायला निघालो तर आईच्या कमरेपर्यंत पाणी, तिचा हात धरून मागे फिरलो आणि संध्याकाळपर्यंत किल्ल्यातच थांबलो, जवळ पाण्याची एक बाटली. तेव्हाच ठरवलं होतं की पुन्हा यायचं ते नीट हिशोब करून.

हिशोब आजोबांनी शिकवलेलाच आहे, आपल्याकडच्या किनाऱ्यावर सगळे कोळी तोंडपाठ करतात. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ, आणि त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. चतुर्थी म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती, म्हणजे सव्वानऊच्या आसपास पाणी सगळ्यात खाली. दुसऱ्या दिवशी हेच पाऊण तासाने पुढे सरकतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते त्यामुळे ओहोटीला पाणी खूप मागे हटतं खरं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला येते, त्या वेळी किल्ला बघायला उजेड पुरत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, तेव्हा पाणी पूर्ण हटतच नाही, मग घोडागाडी करावी लागते. म्हणून माझ्या मते तृतीया ते पंचमी हे दिवस बेस्ट, शुद्ध किंवा वद्य कुठलेही चालतील. तरी निघायच्या आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल मोबाईलवर बघाच, आणि बीचवर घोडागाडीवाल्यांना पण विचारा, ते खरं सांगतात.

आम्ही जानेवारीत संकष्टीला गेलो. आदल्या दिवशी गेटवेवरून मांडव्याची बोट पकडली, तासाभरात मांडवा आणि तिथून त्याच तिकिटात अलिबागची बस. पावसाळ्यात या बोटी बंद असतात, गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रोरो आहे. रस्त्याने यायचं तर वडखळचं ट्रॅफिक धरूनच निघा.

सकाळी आठला बीचवर उतरलो तेव्हा मध्ये अजून घोट्याएवढं पाणी होतं, हळूहळू ते पण गेलं आणि खाली नुसती सुरकुत्या पडलेली ओली वाळू, त्यावर पाय ठेवला की क्षणभर पांढरी कोरडी पडते आणि लगेच परत भिजते. किल्ल्याजवळ वाळू संपून खडक सुरू होतो, त्यावर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी, त्यामुळे अनवाणी किंवा साध्या स्लिपरवर जाऊ नका, मागे पट्टा असलेले सँडल घाला. बाजूलाच दोन बायका वाकून कालवं फोडत होत्या, त्यातल्या एकीने आईला ओरडून सांगितलं, "आजी, हिरव्यावरून नको, काळ्या दगडावरून या!" शेवाळावरून आई सटकलीच असती.

किल्ल्याची तटबंदी जवळून बघा हो. इतके मोठे दगड, आणि बाहेरच्या सांध्यांमध्ये चुना नाही, नुसते एकावर एक रचलेले, लाटेचं पाणी फटीत शिरतं आणि तिथेच तिचा जोर मोडतो. मी एका फटीत हात घातला तर चांगला कोपरापर्यंत आत गेला, आत एक खेकडा बसला होता. 1680 साली महाराजांनी काम सुरू केलं आणि संभाजीराजांच्या काळात ते पुरं झालं, पुढे आंग्र्यांचं आरमार इथूनच चालायचं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले तरी त्यांना हा घेता आला नाही, आणि 1729 मध्ये कान्होजी आंग्रे वारले. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे, तिथे पण जाऊन या, बरेच लोक चुकवतात.

आत रघुजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, गणेश पंचायतन. संकष्टीला तिथे पोचायला ओहोटी बरोबर सकाळचीच मिळते, आईला याचंच फार अप्रूप वाटलं, डोळे भरून आले तिचे. चारी बाजूंनी खारं पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, त्या मात्र इंग्रजी, 1849 च्या. पलीकडे सर्जेकोट हा छोटा किल्ला. पण तटावर चिप्सची पाकिटं आणि बाटल्या बघून मला खूप राग आला, आम्ही एक पिशवीभर उचलून आणल्या, तुम्ही पण एक रिकामी पिशवी न्या.

साडेदहाला आम्ही निघालो. ओहोटीच्या वेळेनंतर सव्वा तास, त्याहून जास्त आत थांबू नका, पाणी आधी किनाऱ्याच्या बाजूच्या खोलगट भागात भरतं आणि किल्ल्यातून ते दिसत नाही.

दुपारी वेळ असेल तर जवळच आक्षीला जा, तिथे शके 934 म्हणजे 1012 सालचा मराठी शिलालेख आहे. आणि सीझन असेल तर पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्यावरच मिळतात, आम्ही दोन घेतल्या, एक शेजारच्या काकूंना.