नाश्त्याच्या कोपऱ्यातली खिडकी: दांडी बदलली, आता नेफ्यांवर अडले आहे

मागच्या नोंदीत स्वयंपाकघरातल्या पूर्वेच्या खिडकीचं माप दिलं होतं: रुंदी ४८ इंच, उंची ४८ इंच, कट्टा जमिनीपासून ३६ इंचांवर. खाली दोन खुर्च्यांचं टेबल. समोरच्या इमारतीची गॅलरी दिसू नये म्हणून फक्त खालचा अर्धा पडदा शिवायचा, असं तेव्हा ठरवलं होतं. तो बेत बदलला.

कापड फाडण्याआधी जुना पंचा चिमट्यांनी अडकवून आठवडाभर पाहिलं, हे फार बरं झालं. एप्रिलअखेरचं पुण्याचं ऊन. साडेसातपर्यंत पंचा पुरे पडायचा. पुढे सूर्य त्याच्या वर यायचा आणि थेट डोळ्यांत. बाबा, म्हणजे माझे सासरे, त्याच खुर्चीत पेपर वाचतात. ते म्हणाले, "अगं, आठ वाजले की मला खुर्ची सरकवावी लागते." मग मी त्यांच्या जागी बसून टेप धरला. बसल्यावर डोळे ४६ इंचांवर येतात, पंचाची वरची कड होती ६० इंचांवर. नऊच्या सुमारास बाहेरचा दीड फुटी छज्जा ऊन अडवतो. म्हणजे त्रास सव्वा-दीड तासाचाच, पण नेमका चहा-पोह्यांच्या वेळचा. इतके दिवस मी उभं राहूनच खिडकी मोजत होते. बसायच्या जागेची खिडकी बसूनच मोजावी, हे मला आता मनापासून पटलंय.

म्हणून आता दोन भाग: खाली चुणीचा अर्धा पडदा, वर घड्या पडत उचलला जाणारा रोमन पडदा, तोही २४ इंचच. नऊ वाजले की वरचा गोळा करायचा, खालचा दिवसभर राहू द्यायचा.

बांबूची चिक मला आवडते, माहेरी गॅलरीत होती. पण इथून गॅस सहा फुटांवर. फोडणीचा तेलकट थर प्रत्येक काडीवर बसणार आणि तो पुसत बसायचं. आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड त्याच कारणाने बाद. वाळ्याचा पडदा भिजवला तरच कामाचा, आणि खाली टेबल असताना ते ठिबकणं नको. धुता येणारं सुती कापडच हवं.

कापड घेतलं मंगळगिरी, म्हणजे आंध्रातलं हातमागाचं सुती, ताकासारखं पांढरट, बारीक हिरव्या काठाचं. खणाचा मोह खूप होता. जांभळ्या खणाची पट्टी अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून तीन आठवडे काचेला लावून ठेवली होती. पुठ्ठा काढला तर मधोमध स्पष्ट रेघ, उघडी बाजू विटकी. पूर्वेच्या खिडकीत गडद रंग नकोच. पांढऱ्यावर पोह्यांची हळद सांडेल, असं आईचं म्हणणं. पण हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की उडतो, आणि हा पडदा तर उन्हातच राहणार!

खालच्या पडद्यासाठी दोन मीटर. आधी भिजवून वाळवलं तेव्हा लांबीत साडेतीन इंच आटलं, त्यामुळे न धुता कापू नका, हे पुन्हा सांगते. ४४ इंची पन्ह्याचे, म्हणजे कापडाच्या रुंदीचे, दोन तुकडे, कडा दुमडून प्रत्येकी ४० इंच, म्हणजे चूण दीडपटीहून थोडी जास्त. वर स्प्रिंगच्या दांडीपुरता नेफा, खाली चार इंचांची दुमड. आधी घेतलेली दांडी मध्ये वाकत होती, ती बदलून जाड घेतली. हा भाग टांगून झाला.

वरच्यासाठी ४८ इंचांना ४४ चा पन्हा पुरेना. मध्ये जोड दिला तर उन्हात ती शिवण काळी दिसणार. मग कापड आडवं घेतलं. उंची २४ च लागते, त्यामुळे पन्हा भरपूर झाला, आणि हिरवा काठ आपोआप पडद्याच्या खालच्या कडेला आला. तो क्षण मला फार आवडला. मागे मांजरपाटाचं अस्तर. एकेरी कापड आठ वाजता उन्हासमोर धरलं तर विणीतून सूर्याचा गोळा दिसत होता. अस्तर लावल्यावर नुसता दुधी उजेड.

घड्या सरळ पडाव्यात म्हणून मागे आडव्या काड्या घालायच्या, त्यांचे नेफे खालून ४, १२ आणि २० इंचांवर. पहिले दोन झाले. तिसरा काल पाव इंच तिरका गेला, सगळा उसवला, आता खडूने रेघ मारून कच्चा टाका घातलाय. पडदा उचलायची दोरी मागून ज्यांतून ओवायची त्या रिंगा प्लास्टिकच्या आणल्या, पावसाळ्यात लोखंडी गंजून कापडाला डाग देतात. भाचा तीन वर्षांचा आहे, म्हणून दोरी गुंडाळायचा हूक पाच फुटांच्या वर ठोकणार.

एक विचारायचंय: ४८ इंचांना रिंगांच्या तीन उभ्या ओळी पुरतील की चार घेऊ? तीनमध्ये घडी मधोमध झोळ देते का, हे कुणी करून पाहिलं असेल तर सांगा. तोवर तिसरा नेफा मशीनवर घालते.